जुनं घर, जुनी बाग आणि चार पायऱ्या : कोणता पर्याय कधी निवडावा

चार पायऱ्या चढून गेल्यावर दाराच्या उजव्या हाताला एक सुबक पितळी पाटी होती : ‘व्हीलचेअरसाठी रॅम्प हवा असल्यास घंटी वाजवा.’ माझा मित्र खाली, खुर्चीत. घंटी वर. पाटी लावणाऱ्याचा हेतू चांगला होता, रॅम्प आत कुठेतरी नीट ठेवलेला होता आणि त्यावर पैसेही खर्च झाले होते. पाटी कुठे लावायची हे ठरवताना खुर्चीत बसून कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच.

तुमच्या देखरेखीखाली एखादं ऐतिहासिक घर आणि त्याभोवतीची बाग असेल, आणि दिव्यांग पाहुण्यांसाठी नेमकं काय करायचं यावर समितीत काथ्याकूट चालू असेल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. पर्याय पुष्कळ आहेत आणि विकणारे प्रत्येकाचं कौतुकच सांगतात. मी प्रत्येक पर्यायाला तीन प्रश्न विचारतो. पाहुण्याला किती वेळा कुणाची तरी मदत मागावी लागते? उद्या ते काढून टाकायचं ठरलं, तर मूळ वास्तू जशीच्या तशी उरेल का? आणि ते बंद पडलं, तर कोण आणि किती दिवसांत चालू करणार?

वारसा जपणारी मंडळी दुसरा प्रश्न सगळ्यात वर ठेवतात. ऑस्ट्रेलियात १९७९ साली तयार झालेल्या, वारसास्थळांच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या बुरा सनदेतलं सूत्र त्यांच्या तोंडी असतं : बदल करा, पण आवश्यक तेवढाच आणि होईल तितका कमी. ते मला मान्य आहे. तरी माझा कल पहिल्या प्रश्नाकडे आहे, आणि तो मी लपवत नाही. तिसरा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कुणीच विचारत नाही. पुढे घोडं मात्र तिथेच अडतं.

समोरचं दार

आधी उताराचं गणित. १:१२ हा आकडा बहुतेक देशांच्या नियमांत भेटतो. एक सेंटिमीटर वर जायचं असेल, तर बारा सेंटिमीटर लांबी लागते. अमेरिकेतल्या नियमांनुसार सलग एका रॅम्पने जास्तीत जास्त ७६ सेंटिमीटर चढता येतं, मग दीड मीटरचा सपाट टप्पा हवा. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं अधिक कडक आहेत : १:१२ चा चढ फक्त २ मीटर लांबीपर्यंत, १:१५ चा ५ मीटरपर्यंत आणि १:२० चा १० मीटरपर्यंत. जो हात लावून खुर्ची ढकलतो त्याला हा कडकपणा लगेच पटतो.

आता तुमच्या घराचं जोतं मोजा. प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या पाच पायऱ्या असतील, तर उंची झाली ७५ सेंटिमीटर. १:१२ ने रॅम्प ९ मीटरचा होतो, वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा धरली की १२ मीटर. समोरच्या देखण्या दर्शनी भागापुढे १२ मीटरचं बांधकाम! इथेच समितीतले निम्मे लोक म्हणतात, “त्यापेक्षा तो घडीचा रॅम्प घेऊन टाकू.”

घडीचा रॅम्प स्वस्त असतो आणि वास्तूला त्याचा ओरखडाही उठत नाही. पण त्याची लांबी साधारण दोन मीटरच्या आसपास असते. एका पायरीसाठी तो झकास. दोन पायऱ्यांवर टाकला की चढ जवळपास १:६ होतो, आणि त्यावर विजेवर चालणारी जड खुर्ची चढवणं म्हणजे मागे उलटण्याची भीती. शिवाय तो कुणीतरी आणायचा, लावायचा, काढायचा. २००१ साली व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा कुतुबमिनारसारख्या स्मारकांवर त्यांच्यासाठी लाकडी रॅम्प घातले गेले. जगप्रसिद्ध पाहुणा ठरलेल्या वेळी येणार असेल, तर तात्पुरता रॅम्प पुरतो. पूर्वसूचना न देता, एखाद्या मंगळवारी दुपारी, बहिणीबरोबर सहज आलेल्या माणसासाठी तो नसल्यातच जमा.

पक्का रॅम्प पहिल्या प्रश्नावर पूर्ण गुण मिळवतो. दुसऱ्यावर तो कसा बांधलाय त्यावर सगळं अवलंबून. मूळ पायऱ्यांना न चिकटवता, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा पोलादी किंवा लाकडी रॅम्प उद्या उचलता येतो. मूळ दगडात खिळे ठोकून बसवलेला उचलला की जखमा राहतात.

मला सगळ्यात आवडतो तो तिसरा मार्ग, आणि तो बैठकीत क्वचित निघतो : जमीनच वर आणायची. दूरवरून १:२० किंवा त्याहून सौम्य उताराने वाट दारापर्यंत चढवत न्यायची. रॅम्प दिसतच नाही, दिसते ती वाट, आणि सगळे एकाच वाटेने येतात. खाच एवढीच की भिंतीला माती टेकवली तर ओल धरते, जोत्याची नक्षी आणि हवा खेळायच्या जाळ्या गाडल्या जातात. म्हणून भर भिंतीपासून थोडी दूर थांबवायची आणि मधल्या मोकळ्या फटीवर छोटासा पूल टाकायचा. जागा असेल तर याच्याइतका टिकाऊ उपाय नाही. यात बिघडायला काहीच नसतं.

जागा नसेल तर बाजूचं दार. नोकरांचा किंवा सामानाचा रस्ता असलेलं हे दार बहुधा जमिनीलगत असतं, आणि तिकडून ‘त्यांना’ आत घेण्याची पद्धत जुनीच आहे. कचऱ्याच्या डब्यांशेजारून घरात शिरणारा पाहुणा सौजन्याने हसतो, पण घरी जाऊन काय सांगतो ते वेगळं असतं. याच दारावर तिकीटखिडकी हलवा, सगळ्यांनाच तिथून आत घ्या, आणि तोच पर्याय एकदम सन्मानाचा होतो. बांधकामही फारसं लागत नाही.

अलीकडे एक चमत्कारी उपायही दाखवला जातो : बटण दाबलं की पायऱ्या आत सरकतात आणि त्यांच्या जागी लिफ्टचा फलाट येतो. काम झालं की पायऱ्या परत जागेवर. दिसायला खरोखर सुंदर. मात्र त्यासाठी पायऱ्यांखाली खणावं लागतं, मूळ दगडी पायऱ्या काढून यंत्रावर दगडाचे पातळ थर चढवावे लागतात. डोळ्यांना काही बदललेलं दिसत नाही, पण प्रत्यक्षात मूळ पायरी गेलेली असते. शहरातल्या रस्त्यालगतच्या, एक हातही मोकळी जागा नसलेल्या इमारतीसाठी मी याचा विचार करीन. भोवती बाग असलेल्या घरासाठी नाही.

वरचा मजला

इथे खर्च मोठा असतो आणि मनंही दुखावतात, म्हणून आधी दोन घरांची उदाहरणं.

अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसनचं घर, माँटिचेलो, आहे. भव्य जिना म्हणजे जागेचा अपव्यय, असं जेफरसनचं मत. म्हणून वरच्या मजल्यांवर जाणारे जिने जेमतेम ६१ सेंटिमीटर रुंद आहेत. तिथे व्हीलचेअरवरून तळमजला पाहता येतो, वर नाही. त्या जिन्याचं काहीही केलं तरी जेफरसनचा विचार पुसला जातो. अ‍ॅम्स्टरडॅममधल्या अ‍ॅन फ्रँकच्या घरातही तेच : नाझींपासून वाचण्यासाठी ही ज्यू मुलगी कुटुंबासह तिथे लपली होती. लपण्याची जागा अवघड होती, म्हणून तर ती लपण्याची जागा होती. तिथला उभा जिना काढून लिफ्ट घालणं म्हणजे गोष्टच बदलणं. तिथल्या संग्रहालयाचा आधुनिक भाग व्हीलचेअरसाठी खुला आहे, आणि मागच्या गुप्त खोल्यांसाठी २०१८ मध्ये आभासी सफर तयार झाली.

याच्या उलट टोकाला न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कचं स्प्रिंगवुड. हे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं घर. १९२१ मध्ये पोलिओनंतर त्यांचे पाय गेले. सामानाच्या पेट्या वर नेण्यासाठी घरात एक पाळणा होता. तोच ते वापरू लागले, स्वतःच्या हातांनी दोर ओढत. विजेवर चालणारी लिफ्ट त्यांना नको होती; आग लागली आणि वीज गेली तर मध्येच अडकू, ही धास्ती. आज तो पाळणा त्या घराच्या इतिहासाचाच भाग आहे. जवळच १९३८-३९ मध्ये त्यांनी स्वतः आराखड्यात लक्ष घालून टॉप कॉटेज बांधलं. त्यात उंबरठेच नाहीत. इलिनॉयमधल्या रॉकफर्डला तर नामवंत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने व्हीलचेअर वापरणाऱ्या केनेथ लॉरेंटसाठी घर बांधलं. ते १९५२ मध्ये पूर्ण झालं आणि २०१४ पासून लोकांना पाहता येतं. ‘जुन्या काळी हे नव्हतं, मग आता घुसडायचं कशाला?’ असं कुणी म्हणालं, तर ही घरं आठवावीत. तुमच्याही घरात कुणी म्हातारं, कुणी लंगडणारं राहून गेलंच असेल. त्यांच्यासाठी केलेली सोय दप्तरांत शोधून पाहा. सापडली तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

आता पर्याय. पूर्ण प्रवासी लिफ्टला खाली खड्डा, वर मोकळी उंची आणि उभी जागा लागते. ती मुख्य दालनातून न काढता कोठीची खोली, नोकरांचा जिना किंवा आधीच बदललेला कोपरा यातून काढता येते का, हे वास्तुविशारदाला पहिल्याच दिवशी विचारा. तसं जमलं तर माझं मत लिफ्टच्या बाजूने. घराच्या मागच्या भिंतीबाहेर स्वतंत्र मनोरा उभारून एका खिडकीचं दार करणं, हाही त्याचाच एक प्रकार. बाहेरून दिसतो, पण आतलं काही हलत नाही.

फलाटाची लिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट माणसाला उचलणारा नुसता फलाट, छोट्या खड्ड्यात मावते, खर्चही कमी. ती हळू चालते, सेकंदाला जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर. त्याचं काही वाटत नाही. अडचण निराळीच आहे : बहुतेक यंत्रांत वर पोहोचेपर्यंत बटण दाबून धरावं लागतं. ज्याच्या बोटांत ताकद नाही, त्याला पुन्हा कुणालातरी हाक मारावी लागते. घेण्याआधी खुर्ची वापरणाऱ्या तिघा-चौघांना विक्रेत्याकडे नेऊन चालवून पाहायला सांगा.

जिन्याच्या कठड्यावरून सरकणारा फलाट हा मला कधीच आवडला नाही. बसवायला सोपा, म्हणून मंजूर लवकर होतो. पण तो सरकत असताना बाकीचे जिन्यावर खोळंबून बघत राहतात, जुन्या कठड्याला तो कायम चिकटून दिसतो, आणि आणीबाणीत जिना अडवतो.

आणि ‘वर जाता येत नसेल तर खाली चित्रफीत दाखवू’ हा पर्याय? अमेरिकी कायदाही ऐतिहासिक वास्तूंसाठी तो मान्य करतो, पण ज्या भागापर्यंत दुसऱ्या कुठल्याही मार्गाने पोहोचवता येत नाही त्याच्यापुरताच. चित्रफीत चांगली असेल तर तिचा फायदा जिना चढायचा कंटाळा आलेल्या सगळ्यांनाच होतो. एक भान ठेवायचं : ती अंधाऱ्या कोपऱ्यात, दहा मिनिटांत एकदा चालू होणारी, बसायला जागा नसलेली अशी असू नये. त्यापेक्षा वरच्या खोलीतल्या दोन-तीन वस्तू काही महिने खाली आणून मांडा. खरी खुर्ची, खरं पत्र. पडद्यावरच्या पूर्ण खोलीपेक्षा समोरची एक खरी वस्तू जास्त बोलते.

वर नेण्याचा कुठलाही मार्ग निवडलात, तरी आगीच्या वेळी खाली कसं आणणार ते आधी ठरवा. साधी लिफ्ट आगीत वापरत नाहीत. सुरक्षित थांबण्याची जागा, जिन्यावरून उतरवणारी खुर्ची आणि ती हाताळायला शिकलेली माणसं हवीत. हाताशी दोनच शिकलेली माणसं असतील, तर एका वेळी वर किती जणांना नेता येईल ते उघडपणे सांगा. विचारल्यावर ओशाळून सांगण्यापेक्षा ते बरं.

बाग

घराबद्दल सगळे भांडतात आणि बाग विसरतात. माझ्या अनुभवात पाहुणे घरात असतात पाऊण तास, बागेत दोन तास. म्हणून पैशाचा मोठा वाटा मी बागेत टाकीन.

बागांच्या जतनासाठीच्या १९८१ च्या फ्लॉरेन्स सनदेने ऐतिहासिक बागेला जिवंत स्मारक मानलं. ते शब्दशः खरं आहे. भिंतीला भोक पाडलं तर भिंत मरत नाही, पण जुन्या झाडाची मुळं तोडून वाट काढली तर चार-पाच वर्षांनी झाड वाळायला लागतं, आणि तोवर ठेकेदार कुठच्या कुठे गेलेला असतो. झाडांच्या मुळांवरून वाट न्यायचीच असेल, तर खणायचं नाही. मधमाशीच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची जाळी जमिनीवर पसरून तिच्या खणांत खडी भरतात. भार विभागला जातो आणि पाणी-हवा मुळांपर्यंत पोहोचते. वाट थोडी उंच होते, तेवढ्या कडा उतरत्या कराव्या लागतात.

वाटेच्या पृष्ठभागाचीच तुलना करायची तर असं :

सुटी बारीक खडी. जुन्या बागांची ओळख. पायाखालचा तो करकर आवाज अनेकांना प्रिय असतो. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं तिच्यात रुततात, काठी घसरते, बाबागाडीही अडते. ती ठेवायचीच असेल, तर थर अगदी पातळ आणि खालचा पाया घट्ट दाबलेला हवा.

मुरूम-मातीची दाबलेली वाट दिसायला सगळ्यात जवळची आणि तुलनेने स्वस्त. कोरड्या दिवसांत उत्तम. पावसात तिला चर पडतात, म्हणून दरवर्षी भरून दाबावी लागते. माळी हाताशी असतील, तर मी हीच निवडीन. नसतील तर नाही, कारण तिसऱ्या वर्षी ती वाट नुसती नावाला उरते.

रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, कालवून पसरलेली खडी. वरून खडीसारखीच दिसते, पाणी झिरपू देते, चाकाला गुळगुळीत लागते. महाग, आणि खराब झाली तर ठिगळ दिसतं. इथे एक फसगत होते. रेझिनचा थर देऊन त्यावर नुसती खडी पेरायची, असा दुसरा प्रकार बाजारात आहे आणि नावं सारखीच वाटतात. त्यातून पाणी झिरपत नाही आणि वरचे खडे सुटत जातात. दरपत्रकात नेमकं काय लिहिलंय ते पाहून घ्या.

जुने दगडी चिरे सहसा काढू नका. सांधे भरून घ्या, डुगडुगणारे बसते करा, आणि फार खडबडीत असेल तर मधोमध खुर्चीच्या रुंदीची एक सपाट पट्टी बसवा. हिरवळीवर गवताखालची जाळी कधीमधीच्या वापरापुरती ठीक. रोजच्या वाटेसाठी तिच्यावर भिस्त नको.

रुंदीचं सांगायचं तर खुर्ची आणि शेजारी चालणारा माणूस यांना दीड मीटर लागतो, दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर १.८ मीटर. सगळीकडे एवढी रुंदी करायची गरज नाही. कातरलेल्या कुंपणांमधली अरुंद वाट अरुंदच राहू द्या. तिच्या दोन्ही टोकांना वळायला दीड मीटरचा गोल ठेवा म्हणजे झालं. आडवा, म्हणजे वाटेच्या एका कडेकडून दुसरीकडे जाणारा उतार १:५० पेक्षा जास्त नको. तो डोळ्यांना दिसत नाही, पण खुर्ची सतत एका बाजूला खेचते आणि ढकलणाऱ्याचा खांदा भरून येतो.

वाटा सुधारायच्या की विजेवर चालणारी गाडी ठेवायची? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. बाग मोठी आणि डोंगरउताराची असेल, तर गाडीला पर्याय नाही. वाहनतळ आणि घर यांत मोठं अंतर असेल, तर सगळ्यांनाच नेणारी, व्हीलचेअर चढवता येणारी बस सर्वांत उत्तम, कारण तिच्यात कुणी वेगळं पडत नाही. पण फक्त गाडीवर भिस्त ठेवली की पाहुण्याला आधी नोंदणी करावी लागते, गाड्या दोनच असतात, त्यातली एक चार्जिंगला असते, आणि ती नेमकी गुलाबांच्या वाफ्यांपाशी वळत नाही. बाग गाडीतून बघायची असते का? वाटेत थांबून पान चुरगळून वास घ्यायचा असतो. म्हणून माझं उत्तर : मधल्या, घराजवळच्या बागेत वाटा, दूरच्या टेकडीसाठी गाडी. पैसे एकाचेच असतील तर वाटा.

पण या दोन्हींच्या आधी बाकं. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. दर ५० मीटरवर एक बाक, पाठ आणि हात असलेलं, फार खोल नसलेलं, शेजारी खुर्ची उभी राहील एवढी पक्की जागा सोडलेलं. गुडघे दुखणारे, दम लागणारे, हृदयाचे रुग्ण, गर्भवती; यांपैकी कुणीच स्वतःला दिव्यांग म्हणवत नाही, आणि तुमच्या बागेतून अर्ध्यावरून परत फिरणाऱ्यांत संख्या त्यांचीच जास्त असते. जुन्या पायऱ्यांना लावलेला साधा लोखंडी कठडाही याच मापाचा. रॅम्पपेक्षा कठड्याची गरज असलेले लोक पुष्कळ भेटतात.

सुगंधी बागेबद्दल थोडं. १९५५ मध्ये ब्रुकलिनच्या वनस्पती उद्यानात अंध पाहुण्यांसाठी खास सुगंधी बाग तयार झाली. त्या काळी ती मोठी गोष्ट होती. आज ‘अंधांसाठी कोपरा’ वेगळा काढायचा की सगळ्या बागेतच वाटेलगत, हाताला येतील अशी वासाची आणि पोताची झाडं लावायची, असा प्रश्न आला तर मी दुसरं निवडीन. माहितीसाठी सांगतो, इंग्लंडच्या बागरचनेवर खोल ठसा उमटवणाऱ्या गर्ट्रूड जीकिल यांची नजर फारच अधू होती. बाग डोळस माणसांनी डोळस माणसांसाठीच केली, असं समजायचं कारण नाही.

पाहणं, ऐकणं, हात लावणं

जुन्या घरांत पडदे ओढलेले असतात, कारण कापड आणि जलरंगांसाठी ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको, असा जतनाचा संकेत आहे. तैलरंगांना १५० ते २०० लक्स चालतो. अंधुक दिसणाऱ्या माणसाला या खोलीत काहीच दिसत नाही. हा झगडा खरा आहे, पण सुटणारा आहे. प्रकाशाचं नुकसान साठत जातं : किती प्रकाश, किती तास. म्हणजे आठवड्यातला एक तास उजेड दुप्पट केला आणि दुसरा एक तास पडदे पूर्ण ओढून दिवे बंद ठेवले, तर हिशेब तोच राहतो. ‘उजेडाचा तास’ जाहीर करा. त्याला एकही खिळा ठोकावा लागत नाही. शिवाय मोठ्या अक्षरांतली, गडद-फिकट फरक स्पष्ट असलेली पुस्तिका सोबत नेता यावी.

स्पर्शासाठी दोन मार्ग : मूळ वस्तूंपैकी टणक वस्तू हातात देणं किंवा प्रतिकृती करणं. घामातलं मीठ आणि आम्ल पितळेला, सोनेरी मुलाम्याला मारक असतं; दगडी चौकट, जात्याचा दगड, जाड लाकूड सोसतं. इटलीत अँकोना इथे १९९३ साली स्थापन झालेलं ओमेरो हे संग्रहालय तर स्पर्शासाठीच आहे. तुम्हाला एवढं मोठं काही करायचं नाही. घर आणि बाग यांची टेबलावर ठेवलेली, हाताने चाचपता येणारी एक नेटकी प्रतिकृती दाराशी ठेवली, तरी अंध पाहुण्याच्या मनात नकाशा तयार होतो. डोळस मुलंही तिच्याभोवतीच घोटाळतात.

कर्णबधिर पाहुण्यांसाठी ध्वनिमार्गदर्शक यंत्र काही कामाचं नाही, हे सांगायला नको, तरी तेच पुढे केलं जातं. खुणांच्या भाषेतली चित्रफीत आणि छापील मजकूर दोन्ही हवेत, कारण खुणांची भाषा हीच ज्यांची पहिली भाषा आहे, त्यांना छापील मजकूर परका वाटू शकतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी तिकीटखिडकीपाशी ध्वनिवलय (आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवणारी तार) बसवलं, तर ते चालू आहे का, हे महिन्यातून एकदा श्रवणयंत्रवाल्या माणसाकडूनच तपासून घ्या. गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी एक शांत सकाळ ठेवता येते. त्याला खर्च जवळपास नाहीच.

स्वच्छतागृह

छोटं प्रकरण, पण यावर लोक येणं ठरवतात. जुन्या घरात ते कोंबू नका. तबेला, कोठार किंवा नवीन इमारत बघा. ब्रिटनमध्ये २००६ पासून चाललेल्या मोहिमेतून ज्यांना स्वतः हलता येत नाही अशा मोठ्या माणसांचे कपडे बदलता येतील असं पलंग आणि उचलयंत्र असलेलं १२ चौरस मीटरचं स्वच्छतागृह रूढ होत गेलं. एवढी जागा तुमच्याकडे असेल, तर लांबवरून कुटुंबं येतील, जी आज कुठेच जात नाहीत.

आधी काय, नंतर काय

यंत्रावर सगळा भार टाकण्याचं काय होतं, ते अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर दिसलं. २००४ च्या पॅरालिम्पिकसाठी प्राचीन मंदिरांच्या या टेकडीच्या कड्यावर लिफ्ट बसली. पुढे ती वारंवार बंद पडू लागली, आणि ती बंद म्हणजे व्हीलचेअरवाल्याला अ‍ॅक्रोपोलिस बंद. २०२० च्या डिसेंबरमध्ये नवी लिफ्ट आली, वर काँक्रीटच्या वाटाही झाल्या. त्या वाटांवर पुरातत्त्वज्ञांनी कडाडून टीका केली. व्हीलचेअर वापरणाऱ्या कित्येकांना मात्र त्यामुळेच माथा गाठता आला. दोघांचंही ऐकून मी म्हणेन की वाट हवीच होती. ती कशाची आणि किती रुंद, यावर भांडण आधी व्हायला हवं होतं.

तुमच्या हाती एका वर्षाचे पैसे असतील, तर क्रम असा लावा. पहिल्या महिन्यात, जवळपास फुकट : संकेतस्थळावर खरी माहिती. ‘अंशतः सुलभ’ असले शब्द काढून टाका. किती पायऱ्या, प्रत्येकीची उंची, दाराची रुंदी, वाहनतळापासूनचं अंतर, सगळ्यात तीव्र उतार कुठे आणि किती, प्रत्येकाचा फोटो. माणसं स्वतः ठरवतील. मग बाकं आणि कठडे. मग मधल्या बागेची एक सलग, वर्तुळाकार वाट, जी फिरून दाराशी येते. मग दार. स्वच्छतागृहाला जागा मिळाली, तर ते दाराच्याही आधी.

लिफ्टचा निर्णय एक वर्ष पुढे ढकला, पण घोंगडं नुसतं भिजत ठेवू नका. दाराशी एक वही ठेवा. कुणी पायरीपाशी, खडीपाशी किंवा जिन्यापाशी थांबून मागे फिरलं, की पहारेकऱ्याने तारीख, वेळ आणि जागा लिहायची. नाव विचारायचं नाही, कारणही नाही. बारा महिन्यांनी ती वही समितीच्या टेबलावर उघडा आणि कुठली जागा सगळ्यात जास्त वेळा आली ते मोजा. बहुतेकदा ती वरचा मजला नसते. आणि ती वही ठेवाल ते टेबल ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. खाली गुडघे जायला जागा हवी, म्हणजे मागे फिरणाऱ्यालाही हवं तर स्वतः लिहिता येईल.